शेठचं जुनं सामान

माणसाला देवाने दोन किडन्या का दिल्या, असा प्रश्न आमच्या शेठना एकदा चहा पिताना पडला. उत्तरही त्यांच्याकडे तयारच होतं. "एक स्पेअर," ते म्हणाले. "त्यालाही माहीत होतं, पुढे हा माल बंद होणार."

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत शेठचा गाळा होता. पाच मशीन, अकरा माणसं आणि वर पत्रा. तिथे मी साडेचार वर्षं मशीनच्या इलेक्ट्रॉनिक्सचा मेंटेनन्स बघितला. बघितला म्हणजे लांबूनच बघितला, कारण मी स्क्रूड्रायव्हर उचलला की शेठ कुठूनही येऊन मागे उभे राहत आणि "काढतेयस काय? आधी विचार तर," असं म्हणत. मी डिप्लोमा झालेली, कुळगावहून स्कूटीवर येणारी आणि तोंडाने फटकळ. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "कोणाला विचारू? मशीनला?" तेव्हापासून ते मला 'मॅडम' म्हणू लागले. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शेठ गरीब होते असा कोणाचा समज व्हायला नको. सोनिवलीला नव्या टॉवरमध्ये त्यांनी मोठा फ्लॅट घेतला होता. पण तिथे राहायला जाताना जुन्या घराचे नळ, पडद्यांच्या दांड्या आणि डोअरबेल काढून सोबत नेली. ती बेल दाबली की चिमणी चिवचिवायची. चिमणीचं वय झालं होतं, त्यामुळे एकदा चिवचिवून ती बराच वेळ खोकायची आणि मग आतून शेठच्या बायकोचा आवाज यायचा, "आले हो, पुन्हा दाबू नका!" मोबाइल त्यांनी रबरबँडने बांधून ठेवला होता. रबरबँड कोथिंबिरीच्या जुडीचा होता. चष्म्याची एक काडी एका चष्म्याची आणि दुसरी दुसऱ्याची, त्यामुळे समोरून पाहिलं तर शेठ नेहमी मान किंचित वाकडी करून आपल्यावर संशय घेतायत असं वाटे. ते खरंही असे.

नवीन वस्तूचं नाव काढलं की ते विचारायचे, "चालतंय ना?" चालत असेल तर विषय संपला. चालत नसेल तर ते विचारायचे, "चालत होतं ना?" मग विषय जास्तच संपला. जी वस्तू कधी काळी चालत होती ती पुन्हा चालू शकते, फक्त आपली श्रद्धा कमी पडते, असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. ऑफिसच्या मागच्या खोलीत तीन कपाटं भरून बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते आणि त्यांत मशीनमधून निघालेली इलेक्ट्रॉनिक कार्डं, रिले, फ्यूज, पंखे. डब्यांवर शेठच्या हातच्या चिठ्ठ्या. एकीवर 'बरा'. एकीवर 'बराच बरा'. सर्वांत मोठ्या डब्यावर 'खराब, पण चांगला'.

एका दिवाळीच्या साफसफाईत, शेठ बारशाला संगमनेरला गेलेले बघून मी त्या 'खराब, पण चांगला' डब्यातलं गोणीभर सामान भंगारवाल्याला देऊन टाकलं. मला फार हलकं वाटलं. दहा-बारा दिवसांनी शेठ उल्हासनगरला जाऊन आले ते चेहऱ्यावर तेज घेऊनच. तिथल्या जुन्या सामानाच्या गल्लीत त्यांचा एक सिंधी दुकानदार ठरलेला होता, त्याला ते 'साईं' म्हणत. शेठ दिसले की तो गल्ल्यावरून उठून उभा राहायचा. घरातल्या कोणासाठी तो इतक्या तत्परतेने उठत नसावा.

"मॅडम, मिळालं!" शेठनी खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कार्ड काढलं. "अख्ख्या उल्हासनगरात एकच पीस. साईं देत नव्हता. म्हणाला, 'शेठजी, ये तो मैंने अपने लिए रखा था.'"

मी कार्ड उलटं केलं. मागे मार्करने लिहिलं होतं, 'खराब'. अक्षर शेठचं होतं.

मी कार्ड त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी वाकड्या चष्म्यातून ते अक्षर वाचलं, पुन्हा वाचलं. दुसरा माणूस असता तर भंगारवाल्यावर, दुकानदारावर किंवा माझ्यावर ओरडला असता. शेठ म्हणाले, "बघ. माल घरचाच आहे. आता खात्रीच झाली." आणि ते कार्ड त्यांनी 'बरा' डब्यात ठेवलं. विकत घेतल्यावर त्याला बढती मिळाली होती.

अशा या गृहस्थांच्या गाळ्यातली सगळ्यांत जुनी, भरलेल्या आकड्यांप्रमाणे लोखंड कापणारी मिलिंगची सीएनसी मशीन म्हणजे त्यांच्या विचारांचं मंदिर होतं. आणि त्या मंदिराचा पुजारी होता हिराजी.

हिराजीमामा बारवी धरणापलीकडच्या एका वाडीतला. झाडू मारायला म्हणून लागला आणि बघता बघता मशीनवर उभा राहिला, त्याला वीस-बावीस वर्षं झाली होती. मशीनच्या पॅनेलवरच्या बटणांची अक्षरं कधीच पुसून गेली होती. स्क्रीनवर हिरवे आकडे उमटत, तेही मशीन तापल्यावर. बाकी कोणी त्या पॅनेलपुढे उभं राहिलं तर त्याला घाम फुटे. हिराजीमामाला अक्षरं असतानाही वाचता येत नव्हती, त्यामुळे ती गेल्याचं त्याला काही वाटलं नाही. त्याची बोटं आपोआप जागेवर पडत. वर्षातून एकदा भातलावणीला तो आठवडाभर गावाला जाई आणि तेवढे दिवस मशीन बंद राही. शेठ रोज त्या मशीनपाशी जाऊन उसासा टाकत.

मग एक दिवस हिरवे आकडे तापल्यावरही उमटेनात. मशीनचा कंट्रोलर, म्हणजे तिचा मेंदू, कायमचा गेला. शेठनी तिन्ही कपाटं उपसली, उल्हासनगरच्या दोन खेपा केल्या, त्या साईंनेसुद्धा हात जोडले. जुना कंट्रोलर कुठेच नव्हता. गिऱ्हाईक तर मोठ्या कामाचं बोलत होतं. त्यांचा माणूस महिन्याभरात नमुन्याचे तुकडे तपासायला येणार होता.

माझं म्हणणं सरळ होतं. कंट्रोलर नवा घ्यायचाच आहे, तर मोटरी, त्यांना वीज पुरवणारे ड्राइव्हचे डबे आणि वायरिंगही नवं घ्या. नव्या डोक्याला जुने हातपाय लावले तर भांडण मिटायचं नाही. पुण्याहून एका कंपनीचा इंजिनिअर आला, टाय लावून. त्याने लॅपटॉपवर रंगीत चित्रं दाखवली.

"हे किती वर्षं चालेल?" शेठनी विचारलं.

"सर, दहा वर्षं सपोर्ट आहे."

"अकराव्या वर्षी मी तुम्हाला कुठे शोधू?"

तो हसला. त्याला वाटलं शेठ गंमत करतायत. शेठनी ड्राइव्हच्या जुन्या डब्यावर थाप मारली. "हा बसवणारा माणूस वारला. बनवणारी कंपनी बुडाली. हा चालतोय." खरं सांगायचं तर हे एक वाक्य मला तेव्हाही पटलं होतं. पण फटकळ माणसाला समोरच्याचं पटलेलं सोसत नाही.

"शेठ, त्याचा एक पार्ट गेला तर जगात मिळणार नाही," मी म्हटलं.

"मॅडम, सून नवी आणली म्हणून घरातली भांडी फेकतात का?"

"भांड्यांचा शॉक बसत नाही, शेठ."

मग शेठनी शेवटचं अस्त्र काढलं. आवाज खाली आणून म्हणाले, "आणि सगळंच नवं आणलं तर हिराजीचं काय? त्याला या मोटरींचा आवाज कळतो. नव्या मशीनचा आवाजच नाही येत. त्याला घरी बसवू? ही त्याची मशीन आहे. जुनं राहिलं तर तो राहिला."

हिराजीमामा तिथेच, हात पुसत उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग टायवाल्याकडे. "माजं काय नाय," तो म्हणाला. "शेट म्हंतील तसं." पण फडकं त्याने इतकं पिळलं होतं की त्यातून तेल गळत होतं. त्याची धाकटी मुलगी बदलापूरला नर्सिंग शिकत होती, तिचं दुसरं वर्ष. या वयात त्याला दुसरीकडे कोण घेणार होतं? पुसलेल्या बटणांची मशीन दुसऱ्या कोणाच्याच गाळ्यात नव्हती.

मला शेठचा मनस्वी राग आला. खर्च वाचवायचा तर सरळ तसं म्हणा, गरीब माणसाला पुढे कशाला करता? पण हिराजीमामाचं ते फडकं बघून मी माघार घेतली. टायवाला चहा पिऊन गेला. नवीन फक्त कंट्रोलर यायचा, बाकी सगळं जुनं. मी एवढंच पक्कं करून घेतलं. सगळ्यांदेखत विचारलं, "शेठ, मग हिराजीमामा राहणार ना?"

शेठ दुखावले. त्यांनी मागच्या खोलीकडे, त्या तीन कपाटांकडे हात केला. "मी आजवर काय फेकलंय?"

पुरावा इतका जबरदस्त होता की मी विश्वास ठेवला.

नवा कंट्रोलर आला. त्याच्या खोक्यातला थर्माकोल शेठनी घरी नेला. जुन्या वायरींचे रंग उडून सगळ्या एकाच मातकट रंगाच्या झाल्या होत्या, त्यामुळे कोणती कुठली हे शोधण्यात आठवडा गेला. पहिल्यांदा मशीन चालू केली तेव्हा एका मोटरच्या वायरी उलट्या लागल्या होत्या. कंट्रोलर म्हणाला डावीकडे, तुकडा बांधायचं टेबल सुटलं उजवीकडे. जितकं चुकेल तितकं जोरात पळायला लागलं. मी लाल बटणावर अक्षरशः झडप घातली. टेबल टोकाला धाडकन आदळून थांबलं. शेठ मागून कौतुकाने म्हणाले, "बघितलंस? अजून दम आहे म्हाताऱ्यात."

म्हाताऱ्यात दम होता, पण नेम नव्हता. तुकडे मापात येईनात. टेबल पुढे जाताना बरोबर जाई, परतताना केसभर मागे राही, आणि हे केसभर प्रत्येक जागी वेगळं. सकाळी एक माप, दुपारी दुसरं. जुन्या कंट्रोलरवरही हे असणारच, पण तेव्हा तुकडे बरोबर कसे निघत, असा मला प्रश्न पडला.

"मी सांभाळून घ्यायचो ना," हिराजीमामा म्हणाला. "ही मशीन मधे बसकी झालीया. हितं आली का जरा जास्ती द्यायचं. सकाळच्याला अर्धा तास नुस्ती फिरवायची, काम नाय द्यायचं. दुपारच्याला पत्रा तापला का वरली बाजू ढिली पडतं, तवा उलटं."

हे सगळं वीस वर्षं त्याच्या बोटांत होतं. आणि नव्या कंट्रोलरमध्ये नेमकी याचीच सोय होती. टेबलाच्या कुठल्या जागी किती चूक आहे याचा तक्ता भरून दिला की तो स्वतःच तेवढं कमी-जास्त करतो. लेझर लावून मोजून देणारे लोक असतात. मी त्यांचं नाव काढताच शेठ म्हणाले, "लेझर कशाला? हिराजी आहे ना."

आठ दिवस आम्ही दोघं त्या मशीनवर होतो. तो टेबलावर तळहात ठेवून डोळे मिटायचा आणि सांगायचा, "हितं." मी मापाचा डायल लावायचे, काटा बघायचे, आकडा लिहायचे. त्याचं सांगणं एकदाही चुकलं नाही. मला खरंच हेवा वाटला. मी सकाळचा तक्ता केला, दुपारचा केला, अर्धा तास नुसतं फिरवायचा प्रोग्रॅम केला. नवव्या दिवशी तुकडा मापात निघाला. मी ओरडलेच. शेवटी त्या फाइलला काहीतरी नाव द्यावं लागतं, म्हणून मी 'हिराजी' दिलं आणि त्याला स्क्रीनवर बोट ठेवून वाचून दाखवलं.

"ह्ये मी?" तो म्हणाला. त्याने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग स्क्रीनवर तेलाचा डाग पडला म्हणून ओशाळून शर्टाच्या बाहीने पुसला. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासाठी घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि करटुल्यांची भाजी आणली. मी आयुष्यात काही चांगलं केलं असेल तर ते हेच, अशा भ्रमात मी ती भाजी खाल्ली.

गिऱ्हाइकाचा माणूस आला, तुकडे मोजले, पास झाले. शेठनी पेढे वाटले. पेढे ताजे होते, याची नोंद घ्यायला हवी.

आमच्याकडे सुट्टी शुक्रवारी. त्या गुरुवारी दुपारी शेठनी सगळ्यांना मशीनपाशी बोलावलं. मला वाटलं, मोठं काम मिळाल्याचं सांगणार. शेठनी घसा साफ केला. "हिराजीने आपल्याकडे खूप केलं," ते म्हणाले. "आता त्याने आराम करायचा." शेजारच्या मशीनवरचा ऑपरेटर आता दोन्ही मशीन बघणार होता. नुसतं बटण तर दाबायचं होतं. पॅनेलवर अक्षरंही होती.

त्यांनी हिराजीमामाला शाल घातली आणि नारळ दिला. ती शाल मी ओळखली. मागच्याच वर्षी कारखानदारांच्या कुठल्याशा समारंभात ती शेठना मिळाली होती, आणि परत आल्यावर तिची घडी न मोडता त्यांनी ती कपाटात ठेवली होती.

मी शेठच्या मागोमाग ऑफिसात गेले. "तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं होतं, तो राहणार."

"मशीन राहिली ना?" शेठ शांतपणे म्हणाले. "मोटरी राहिल्या, ड्राइव्ह राहिले. आणि त्याला कुठे फेकलंय? त्याचं सगळं आहेच की त्यात. तूच तर भरलंस." ते हे छद्मीपणे म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं. पण त्यांना मनापासून वाटत होतं की त्यांनी काहीच टाकलेलं नाही. मी तशीच ऑफिसातून बाहेर पडले. सगळं नवं घेतलं असतं तर त्या मशीनला हिराजीमामाच्या बोटांची गरजच लागली नसती, आणि त्याने ती कोणाला उघडून दाखवली नसती. निदान त्याचं त्याच्यापाशी राहिलं असतं. जुनं वाचवायच्या नादात आम्ही त्याला रिकामा केला, आणि ते काम माझ्या हातून झालं. मला स्वतःची चीड आली, आणि अजून येते.

बाहेर हिराजीमामा पिशवीत नारळ ठेवत होता. शाल त्याने लगेच काढून नीट घडी केली होती. मला बघून तो जवळ आला.

"ताई, दुपारचं सगलं घेतलंस ना?" त्याने विचारलं. "मे महिन्यात पत्रा लय तापतं, तवा अजून येगलं होतं. ते राह्यलंय. तेवडं मी येऊन सांगून जाईन."

आणि तो खरंच आला. मे महिन्यात, दोन दुपारी, आपल्या खर्चाने. मी त्याला नको म्हणायला हवं होतं. मी तक्ता काढला आणि आकडे लिहून घेतले. मुलीचं विचारलं तर म्हणाला, "सद्या घरीच हाय. बघू." शेठनी त्याला पाठीवर हात ठेवून चहा पाजला.

पुढे शेठची कीर्ती पसरली. जुनं सामान न फेकता मशीन कशी जिवंत केली हे बघायला बदलापूरचे, उल्हासनगरचे कारखानदार येऊ लागले. शेठ वाकड्या चष्म्यातून सगळं दाखवत, मोटरींवर थापा मारत. एकदा सकाळी असेच तिघे आले होते. मी बटण दाबलं, स्क्रीनवर फाइलचं नाव उमटलं आणि टेबल रिकामंच, सावकाश फिरायला लागलं.

"हा हिराजी कोण?" एकाने विचारलं.

"आमचा सगळ्यात जुना माणूस," शेठ म्हणाले. "पूर्वी भातलावणीला दांडी मारायचा. आता नाही मारत."

तिघे हसले. मीही हसले.